काळीतलं दुसरं घर

"शेतात दुसरं घर बांधायचंय, परवानगी लागते का?" महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न मला येतोच. विचारणारे बहुतेक आपल्याच भागातले. पिसादेवी, सावंगी, झाल्टा, करमाड, बिडकीन, कधी फुलंब्री-गंगापूरकडचे. मी वकील नाही, महसूल खात्यातही नाही. जुने महसुली कागद वाचायचा नाद आहे एवढंच. पण एका ओळीत उत्तर देता येत नाही म्हणून आज सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

पहिलं घर असतंच. आजोबांनी बांधलेलं, दगडमातीचं किंवा पत्र्याचं. पुढं नंतर सिमेंटची एक खोली काढलेली. त्यात आई-वडील आणि दोन भाऊ, दोघांची लेकरं. धाकट्याचं लग्न होऊन आठ वर्षं झालेली. चुली कधीच वेगळ्या झाल्या, सातबारा मात्र अजून एकच. मग दुसरं घर निघतं. इथूनच भानगड सुरू होते. ही भानगड आजची नाही, हे समजायला थोडं मागं जावं लागेल.

आपल्याकडं गावाचे दोन भाग मानायची जुनी रीत. पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे माणसं राहतात ती जागा, गावठाण. काळी म्हणजे शेत. पांढरी हे नाव मातीवरूनच पडलं. शेकडो वर्षांची राख, पडलेल्या भिंती, शेणमाती यांनी वस्तीची माती पांढुरकी होते. हीच पांढरी माती आपले लोक माळवदावर टाकायचे, कारण तिच्यातून पाणी झिरपत नाही. पैठणला जुन्या वस्तीची टेकाडं आजही बघायला मिळतात. जुन्या कागदांत गावाचा उल्लेख करताना काळी आणि पांढरी दोन्ही येतात, कारण दोन्ही मिळून गाव.

पण दोन्हीकडं सरकार वेगळ्या नजरेनं बघायचं. सारा काळीवर. पांढरीवर शेतसारा नाही. मलिक अंबरानं १६१० च्या सुमारास खडकी वसवली, पुढं तिचं औरंगाबाद झालं. जमिनीच्या साऱ्याची घडी बसवणारा म्हणूनही त्याचं नाव घेतात. त्यानंतर औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना, १६५० च्या दशकात, मुर्शिद कुलीखानानं पुन्हा मोजणी-आकारणी केली. माणसं बदलली, राज्यं बदलली, पण हिशोब एकच होता. काळीत काय पिकतं आणि त्यातलं सरकारला किती येतं. काळीत कोण राहतं याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. राहायचेही थोडेच. बाहेर उघड्यावर राहणं म्हणजे दरोडेखोरांना आवतण. गावाला गावकूस होतं, वेस होती, मोठ्या गावाला गढी होती. रात्री जनावरं घेऊन माणसं वेशीच्या आत यायची. पार रझाकारांच्या धामधुमीपर्यंत, म्हणजे १९४७-४८ पर्यंत, एकट्यादुकट्या वस्तीवर झोपणं ही जोखीमच होती.

निजामाच्या राज्यात पहिल्या सालारजंगांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. पुढं १८७० च्या दशकात आपल्या मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर पैमाईश सुरू झाली. ही मुंबईची पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास इंदापुरात बसवली होती. सर्व्हे नंबर हा शब्द तिथला. तो नंबर किती मोठा असावा? तर एका बैलजोडीच्यानं कसता येईल एवढा. म्हणजे जमिनीचं पहिलं सरकारी माप बैलाच्या ताकदीवर ठरलं. त्यात घराचा विचार नव्हता, खातेदाराला किती मुलं आहेत याचाही नव्हता.

मग शेतात घर बांधायला परवानगी हा प्रकार आला कुठून? साऱ्यातून. मुंबई जमीन महसूल कायदा १८७९ चा. त्यात कलम ६५ होतं. शेतीच्या जमिनीचा धारक स्वतः, नोकरामार्फत किंवा कुळामार्फत शेतघर बांधू शकतो, विहीर खणू शकतो, जमीन सुधारू शकतो. दुसऱ्या कामाला जमीन वापरायची तर मात्र कलेक्टरला विचारायचं. कारण साधं आहे. आकार पिकावर बसवलेला. उद्या तुम्ही तिथं कारखाना काढला तर सरकारला वेगळा आकार हवा. शेतघराला सूट दिली ती मायेपोटी नाही. शेतघर हा शेतीचाच भाग मानला, नांगर-वखरासारखा. आपल्याकडं १३१७ फसलीचा हैदराबाद जमीन महसूल कायदा चालायचा. फसलीत ५९० मिळवा, १९०७ येतं.

जाता जाता एक गंमत. सर्व्हेच्या भाषेत 'पोटखराब' म्हणून जो शब्द आहे, त्यातल्या 'अ' वर्गात शेतघर आणि खळं दोन्ही येतात. ज्या जागेवर माणूस झोपतो आणि ज्या जागेवर ज्वारीची रास पडते, ती जागा सरकारी वहीत खराब! कारण तिच्यातून पीक निघत नाही.

लोक काळीत राहायला गेले ते नंतर, आणि तेही कायद्यानं नेले नाहीत, पाण्यानं नेले. विहिरी वाढल्या, इंजिनं आली, मग वीज आली. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना विहीर म्हणजे काय ते सांगायला नको. मोसंबी लावली तर राखण लागते. अद्रक, ऊस, कपाशी, दूधधंदा, सगळ्याला माणूस जवळ पाहिजे. त्यात शेतीची वीज रात्री येणार. रात्री दोनला मोटार चालू करायची तर गावठाणातून तीन किलोमीटर कोण येणार? आता बिबट्याची भीतीही आहेच. म्हणून आधी खोप झाली, मग सपरं, मग पत्र्याची खोली, मग संडास-मोरी. वस्ती अशीच वाढत जाते. आमच्याकडं 'वस्ती' म्हणतात, परभणी-हिंगोलीकडं 'आखाडा'. गावाच्या यात्रेला, मतदानाला, मयतीला माणसं पांढरीत येतात, बाकी बारा महिने काळीत. दोनशे वर्षांत पहिल्यांदाच शेतात राहणं सुरक्षित आणि फायद्याचं झालं. आणि नेमकं त्याच काळात ते कागदावर अवघड होत गेलं.

आता कायद्याकडं येऊ. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामशाही संपली. १९५० ला हैदराबाद कुळवहिवाट कायदा आला, कसणाऱ्यांच्या नावावर जमिनी लागल्या. १९५४-५५ ची खासरा पाहणी झाली. मराठवाड्यात आजही जमिनीचा वाद निघाला की वकील आधी तोच कागद मागतो. १९५६ ला आपण मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात. आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची, लागू झाली १५ ऑगस्ट १९६७ ला. तिथं जुना मुंबईचा आणि जुना हैदराबादचा, दोन्ही कायदे मिटले आणि सगळ्या राज्याला एक पुस्तक झालं.

या संहितेतली दोन कलमं दुसऱ्या घराच्या दृष्टीनं पाठ असावीत. एक, कलम २ चं पोटकलम ९. त्यात शेतघर म्हणजे काय ते सांगितलंय. अवजारं, खत, वैरण ठेवायची जागा, माल ठेवायची जागा, जनावरांचा निवारा, आणि धारकाच्या कुटुंबातली माणसं, नोकर किंवा कुळं यांच्या राहण्याची जागा. नीट वाचा. कुटुंबातली माणसं. किती चुली, हे लिहिलेलं नाही. दुसरं, कलम ४१. शेतजमिनीचा धारक शेतघर बांधू शकतो, हा त्याचा हक्क आहे, असं ते सांगतं. बिनशेती करायची गरज नाही. हे मी मुद्दाम ठळकपणे सांगतोय, कारण एनए केल्याशिवाय शेतात वीटही ठेवता येत नाही असं सांगून पैसे काढणारे दलाल आपल्या तालुक्यात कमी नाहीत.

पण १९८६ ला कलम ४१ मध्ये दुरुस्ती झाली. त्याआधी चारच वर्षं, डिसेंबर १९८२ मध्ये, आपल्या शहराची नगरपालिका जाऊन महापालिका झाली होती. सिडकोचं नवं औरंगाबाद सत्तरच्या दशकापासून वाढत होतं. सगळ्या मोठ्या शहरांभोवती हेच चित्र. शेतघराच्या नावाखाली बंगले उठत होते. शहरातल्या पैसेवाल्याला शनिवार-रविवारी जायला हिरवळ पाहिजे, आणि कायद्यात शेतघराला मोकळीक. म्हणून दुरुस्तीनं लगाम घातला. मुंबई, पुणे, नागपूर महापालिकांच्या हद्दीत आणि हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंत, इतर महापालिकांच्या हद्दीत आणि ५ किलोमीटरपर्यंत, अ वर्ग नगरपालिकांपासून ३ किलोमीटरपर्यंत, ब आणि क वर्ग नगरपालिकांच्या हद्दीत, शिवाय प्रादेशिक आराखडा, नगररचना योजना वगैरे लागू असलेल्या क्षेत्रात शेतघर बांधण्याआधी कलेक्टरची परवानगी घ्यायची. बाकी ग्रामीण भागात शेतघरासाठी कलेक्टरकडं जायचं कारण नाही. (ग्रामपंचायतीकडं जायचं आहेच. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याचं कलम ५२ बांधकामाआधी तिची परवानगी मागतं.)

आणि परवानगी कधी मिळेल? धारण ०.४ हेक्टरपेक्षा कमी असेल तर मिळणारच नाही. ०.४ हेक्टर म्हणजे साडेएकोणचाळीस गुंठे, आपल्या भाषेत एक एकर. त्याच्या वर असेल तर राहण्याच्या शेतघराचं जोतं १५० चौरस मीटरपर्यंत, साधारण सोळाशे चौरस फूट. मूळ शब्दरचना बघितली तर 'इमारत किंवा इमारती' असं आहे. म्हणजे घर एकच असलं पाहिजे असं कलम ४१ म्हणत नाही. जोत्याची बेरीज मोजतं. तुमचं जुनं घर सत्तर मीटरचं असेल तर ऐंशी मीटर शिल्लक आहे. राहण्याचं सगळं मिळून दीडशे. मग तुमची जमीन दोन एकर असो की वीस.

ही मर्यादा कुणाला डोळ्यांसमोर ठेवून आखली, ते उघड आहे. शनिवार-रविवारच्या बंगल्याला. पण ती लागू झाली तीन भावांच्या वस्तीलाही.

आता हिशोब करू. नावं नको, गावही नको, असं कुटुंब तुमच्या शेजारीच असेल. शहरापासून चार किलोमीटरवर जमीन २ एकर १० गुंठे, म्हणजे ९० गुंठे. तिघं भाऊ. जुनं घर सत्तर मीटरचं.

सातबारा एकत्र ठेवला तर धारण ९० गुंठे, ०.४ हेक्टरच्या कितीतरी वर. ऐंशी मीटरचं दुसरं घर परवानगीत बसतं. फक्त सामाईक सातबारा असल्यामुळं सगळ्या खातेदारांची संमती पाहिजे, आणि घर धाकट्यानं स्वतःच्या पैशानं बांधलं तरी कागदावर ते सगळ्यांच्या जमिनीवरचं. बँकेत गेलात तर आधी विचारतात बिनशेती आहे का. नसेल तर गृहकर्ज अवघड. मग सोनं मोडून, ऊसतोडीच्या उचलीतून, पतसंस्थेतून बांधकाम चालतं, आणि म्हणून ते चार-चार वर्षं चालतं.

भाऊ दोघंच असते आणि वाटणी केली असती तर प्रत्येकी ४५ गुंठे. दोघंही एक एकराच्या वर. दोघांना दीडशे-दीडशे मीटर. म्हणजे वाटणी फायद्याची.

पण भाऊ तीन आहेत. वाटणी केली तर प्रत्येकी ३० गुंठे. तिघंही ०.४ हेक्टरच्या खाली. जुनं घर ज्याच्या हिश्श्यात आलं त्याचं नशीब. बाकी दोघांना कलम ४१ खाली नवं घर नाही. वडिलोपार्जित जमीन आहे, नाव आहे, सारा भरतात, पीकविमा भरतात, सोसायटीचं कर्ज आहे. घर मात्र नाही.

तुम्ही म्हणाल, एवढे बारीक तुकडे कायदा पडूच देत नाही ना? तीच तर गोम आहे. तुकडेबंदी कायदा १९४७ चा. तुकड्यांची शेती परवडत नाही, म्हणून ठरावीक प्रमाणभूत क्षेत्राच्या खाली वाटणी किंवा विक्री करायची नाही, हा त्याचा गाभा. हे प्रमाणभूत क्षेत्र आधी बरंच मोठं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी ते कमी करून जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे केलं. लोकांना बरं वाटलं, आणि बरंच झालं, वाटण्या अडल्या होत्या. पण त्यामुळं काय झालं बघा. वीस गुंठ्यांची वाटणी कायदेशीर, आणि घराला चाळीस गुंठे. वीस ते चाळीसच्या मधे जो खातेदार आहे तो कागदावर पूर्ण शेतकरी आहे, पण त्याला स्वतःच्या शेतात राहायला परवानगी नाही. एका कायद्यानं जमिनीचं माप खाली आणलं, दुसऱ्यानं १९८६ च्या जागीच ठेवलं. दोन्हीचं खातं एकच, महसूल. कुणी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघितले असते तर बरं झालं असतं.

२०२० च्या डिसेंबरमध्ये राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली आली. तिनंही कृषी विभागात शेतघराला जागा ठेवलीय, पण मापं वेगळी, भाषा वेगळी. म्हणून अर्ज करण्याआधी दोन्ही पुस्तकं बघा. तुमचं गाव कोणत्या आराखड्यात आहे, गट कोणत्या विभागात पडतो, हे आधी लेखी विचारा. त्याच सुमारास गावात बत्तीसशे चौरस फुटांपर्यंत नगररचनाची परवानगी नको अशी बातमी फिरली होती. अजूनही व्हॉट्सअॅपवर फिरते. ती सवलत बांधकामाच्या नकाशाची होती. जमीन शेतीची की बिनशेतीची, हा प्रश्न तिनं सुटत नाही.

आमच्या शहराच्या भोवतीचा गुंता आणखी वेगळा. शहराला लागून असलेल्या २८ गावांना 'झालर क्षेत्र' म्हणून सिडकोकडं दिलं. तिथला शेतकरी वर्षानुवर्षं ऐकत राहिला, आराखडा येतोय, थांबा. मग महानगर प्राधिकरण आलं, तीनशेहून जास्त गावं त्यात. शेंद्रा-बिडकीनला औद्योगिक पट्टा झाला, जमिनी गेल्या, मोबदला आला, आणि आजूबाजूच्या गुंठ्याचा भाव असा चढला की भावाभावांत बोलणं बंद झालं. शहर कुणाला शेतकरी म्हणून बघत नाही. उद्याचा प्लॉट म्हणून बघतं. शेतात दुसरं घर मागणारा माणूस दारात आला की टेबलापलीकडच्याला आधी संशय येतो, हा घर बांधतोय की प्लॉटिंग करतोय? संशय अगदीच खोटा असतो असंही नाही. शेतघराची परवानगी घेऊन मंगल कार्यालय काढलेलं मी स्वतः पाहिलंय.

आणि आता जे मला खरंच खटकतं ते लिहितो. आपलं शहर गुंठेवारीचं शहर आहे. शेताचे तुकडे पाडून, शंभर रुपयांच्या बाँडवर, वीस बाय तीसचे प्लॉट विकले गेले, वसाहतीच्या वसाहती उभ्या राहिल्या. घेणारे गरीब होते, कामगार होते, त्यांना दोष नाही. त्यांच्यासाठी २००१ ला गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा झाला. २०२१ ला त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. म्हणजे ज्यानं परवानगी न विचारता शेत मोडून विकलं, त्याच्या मागून कायदा दोनदा आला आणि शुल्क भरा, नियमित व्हा म्हणाला. तुकडेबंदीतल्या दस्त नोंदणीबाबतचं १२ जुलै २०२१ चं परिपत्रक तर औरंगाबाद खंडपीठानंच ५ मे २०२२ ला रद्द केलं. त्या निकालानंतर नोंदणी कार्यालयाबाहेरची गर्दी ज्यांनी पाहिली त्यांना तिचा अर्थ सांगायला नको. पण ज्यानं जमीन विकली नाही, तुकडे पाडले नाहीत, भावाच्या शेजारी सहाशे फुटाची खोली मागितली, त्याच्यासाठी १९८६ चं माप आजही तेच.

मार्च २०२४ मध्ये तुकडेबंदीच्या नियमांत विहीर, शेतरस्ता आणि ग्रामीण घरकुल अशा मोजक्या कारणांसाठी कलेक्टरच्या मंजुरीनं लहान तुकड्याचा व्यवहार करता येईल अशी वाट काढली. म्हणजे घरासाठी थोडी जमीन वेगळी करणं ही गरज आहे हे सरकारला पटतं. मग स्वतःच्याच जमिनीवर स्वतःच्याच पैशानं बांधणाऱ्याबाबत ते का पटू नये?

बहिणींबद्दलही इथंच बोललं पाहिजे. शेतात दुसरं घर म्हटलं की सगळे धाकटा भाऊ धरून चालतात. महाराष्ट्रानं १९९४ ला आणि देशानं २००५ ला मुलीला वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हक्क दिला. नवऱ्यानं टाकलेली, विधवा झालेली, किंवा सरळ आपला हिस्सा मागणारी बहीण गावी आली तर ती राहणार कुठं? हिस्सा मागितला की ३० गुंठ्यांचे साडेबावीस होतात, आणि घराचा प्रश्न पुन्हा तोच. बहुतेक वेळा तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतात आणि वर म्हणतात, तुझं माहेर आहेच की. माझ्या ओळखीतल्या एका ताईंनी हक्कसोड लिहून दिलं नाही. जुन्या घराला लागून पत्र्याच्या दोन खोल्या काढल्या, जोत्याची बेरीज दीडशेच्या आत ठेवली आणि सामाईक सातबाऱ्यावर अर्ज केला. भावांच्या सह्या मिळवायला त्यांना परवानगीपेक्षा जास्त दिवस लागले.

परवानगी न घेता बांधलं तर काय होतं, हेही लोक विचारतात. खरं सांगायचं तर बहुतेक जण तसंच बांधतात. ग्रामपंचायत घरपट्टी लावते, नमुना नंबर ८ ला नाव लागतं, मीटर येतं, आणि माणूस निर्धास्त होतो. नमुना ८ हा कराचा कागद आहे. त्यानं मालकी सिद्ध होत नाही आणि परवानगीही होत नाही. जिथं कलेक्टरची परवानगी लागते तिथं विनापरवाना घर म्हणजे अकृषिक वापर धरून दंड होऊ शकतो. दंडापेक्षा मोठा फटका नंतर बसतो. रस्ता आला, भूसंपादन झालं, की मोबदल्याच्या मोजणीत त्या घराचा कागद मागतात. समृद्धी आणि औद्योगिक पट्ट्याच्या वेळी ज्यांनी हे भोगलं त्यांना मी वेगळं काय सांगू.

माझं मत विचाराल तर दोन गोष्टी व्हायला हव्यात, आणि त्यातली एक आपल्या हातात आहे. जी आपल्या हातात नाही ती म्हणजे ०.४ हेक्टरचं माप. प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठ्यांवर आणलं त्याच दिवशी हे माप खाली यायला हवं होतं. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीतून खातेदार झालेल्याला, विकायचं नाही या अटीवर, छोट्या जोत्याचं एक घर द्यायला काय हरकत आहे? बंगलेवाला त्यात शिरू शकत नाही, कारण त्याच्याकडं वारसाची नोंद नाही. आमदारांना निवेदन द्यायचं असेल तर एवढा एकच मुद्दा लिहा. दहा मागण्या लिहिल्या की एकही वाचली जात नाही.

दुसरी गोष्ट गावठाणाची. संहितेच्या कलम १२२ नं गावठाणाची हद्द ठरवायचा अधिकार कलेक्टरला आहे. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक गावांची पांढरी आजोबांच्या काळी होती तेवढीच आहे. लोकसंख्या चौपट झाली, हद्द तीच. म्हणून माणसं काळीत सरकली आणि काळीत गेल्यावर गुन्हेगार ठरली. संहितेत अलीकडं ४२-ड हे कलम आलंय. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन, आराखड्यात चालणाऱ्या वापरासाठी, ठरलेला कर वगैरे भरून, अकृषिक मानायची तरतूद त्यात आहे. तुमचं दुसरं घर त्या दोनशे मीटरच्या आत बसत असेल तर शेतघराच्या वाटेनं जाऊच नका, ही वाट सोपी आहे, आणि बँकही मग ऐकते. पण दोनशे मीटर मोजायचे कुठून? हद्दीपासून. आणि हद्द जुनी असेल तर ते दोनशे मीटर जुन्या घरांतच संपतात. म्हणून गावठाण वाढवायचा ठराव आधी व्हायला पाहिजे. ग्रामसभेत तो मांडता येतो, त्याला वकील लागत नाही, फक्त नकाशा आणि गट नंबरांची यादी लागते.

तलाठ्याकडं गावठाणाच्या हद्दीचा कागद मागा आणि तो कोणत्या सालचा आहे ते बघा. तुमच्या गावात हद्दवाढीचा ठराव कधी झाला असेल, मंजूर झाला असो किंवा फायलीत पडलेला असो, तर गावाचं नाव आणि साल खाली लिहा. मी तालुक्यानुसार यादी करतोय. फुलंब्री आणि पैठणची माहिती सगळ्यात कमी आलीय.